बंदीच्या दिवसांत बीपीची गोळी बंद करू नका

१ जून ते ३१ जुलै बोटी बंद. हातात पैसा नसला की बरेचजण पहिली कात्री बीपीच्या गोळीला लावतात, नाहीतर एक दिवसाआड घेतात. आम्ही हे दरवर्षी बघतो. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी उतरलं असं नसतं.

आधी सरकारी आरोग्य केंद्रात विचारा, साध्या गोळ्या तिथे फुकट मिळतात. नाहीतर चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा. स्ट्रिपवर ब्रँडसोबत औषधाचं मूळ नाव असतं, जसं अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ. तेच नाव, तेवढेच मिग्रॅ मागा. बहुतेक वेळा निम्म्याहून कमी पैसे पडतात. फक्त शेपूट नीट वाचा! टेल्मिसार्टन आणि टेल्मिसार्टन एच एक नव्हे, एचमध्ये लघवी वाढवणारं औषधही असतं. अडलं तर डॉक्टरांना विचारा.