भोपळ्याला बोलायचं नसतं

पोरी, म्हातारी आणि भोपळ्याचं चित्रपुस्तक निवडलंस, बरं केलंस. पण पहिले तीन दिवस नाटकाचं नावही काढू नको. पुस्तक छातीशी धर, चित्र लेकरांकडे, आणि सावकाश पान उलट. तिसऱ्या दिवशी मुद्दाम चूक कर, वाघाच्या चित्रावर बोट ठेवून कोल्हा म्हण. सारे एकदम "बाई, वाघ हाये थो!" म्हणून ओरडले, की गोष्ट त्यांची झाली समज.

मग वर्ग उठव. एकट्याला वाघ करू नको, पाच जणांना कर. दरवेळी बोलकं पोरगं म्हातारी आणि लाजरं पोरगं झाड, असंही होऊ देऊ नको. लाजऱ्यालाच भोपळा कर. गोधडी पांघरून तो गडगडत यायचा. भोपळ्याला एक शब्द बोलावा लागत नाही, आणि सगळ्यांचे डोळे मात्र त्याच्यावरच असतात. दोन-तीन खेळ झाले की त्या गोधडीतून आपोआप आवाज येतो. मी वाट पाहायची, आणि तो आला की जीव भरून यायचा.

संवाद पाठ करून घेऊ नको. गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातल्या शिक्षकाची मुलंही गोष्ट ऐकून, घोकंपट्टीशिवाय नाटक करतात. लग्नानंतर आपल्या अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक पुढे भावनगरला त्याच गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला तो या दोघांच्या पुढाकारानं. म्हणून म्हणते, 'दिवास्वप्न'मधल्या मुलांसारखे लेकराला शब्द आपले आपण सुचू दे. मेळघाटात माझ्या वर्गात एक कोरकू पोरगं होतं. वाघ येताच ते "कुला! कुला!" ओरडत सुटलं. कुला म्हणजे त्यांच्या बोलीत वाघ. मी सुधारलं नाही. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग "कुला" म्हणत पळाला, आणि ते पोरगं सगळ्यांच्या पुढे होतं.

मुखवटा आणू नको. पहिल्या वर्षी मी हौसेनं वाघाचा आणला, तर चार वर्षांची एक चिमुरडी किंचाळली आणि आठवडाभर दाराशीच बसून राहिली. चूक माझी होती. तेव्हापासून कमरेला खोचलेला पिवळा दुपट्टा, तेच शेपूट. तोंड उघडं असलं की वाघ म्हणजे आपलीच मैत्रीण, हे दिसतं. म्हातारीच्या काठीला तुराटी नको, टोक डोळ्यात जाईल. वर्तमानपत्राची गुंडाळी पुरते.

गलका वाढला तर ओरडू नको. टाळी वाजवून "म्हातारी झोपली" म्हण, सारे जमिनीवर आडवे होतात.

खेळ संपला की पुस्तक कपाटात बंद करू नको. त्यांच्या हाताला येईल असं खाली चटईवर ठेव. खिचडी वाढेपर्यंत दोघंतिघं त्यावर वाकलेली दिसतील, आणि त्यातलं एक दुसऱ्याला बोट ठेवून वाघ दाखवत असेल.