विवाहाची साक्ष
(खेड्यांतील मंडळ्या व उपदेशक यांच्यासाठी पाठ)

शास्त्रपाठ : रूथ ४:१–१२

रूथेशी विवाह करण्यापूर्वी बवाज गावाच्या वेशीत जाऊन बसला. तेथे त्याने गावातील दहा वडील जनांस बसवून घेतले. ज्या आप्ताचा हक्क आपल्याहून जवळचा होता त्यास सर्वांदेखत विचारले. आणि मग लोकांस साक्षी ठेवून आपला निश्चय जाहीर केला. रूथ ही मवाबी, विधवा व परमुलखातून आलेली. तिच्या बाजूने बोलावयास त्या गावात बाप नव्हता की भाऊ नव्हता. हा विवाह गुपचूप झाला असता, तर पुढे तिचे पत्नीपण कोणीही नाकारू शकला असता. वेशीतील साक्षीने तिचे रक्षण झाले. पॅरिशमध्ये विवाहाचे जे नियम पाळले जातात, ते बहुतेक याच हेतूने घातले आहेत, हे या पाठात दाखवावयाचे आम्ही योजिले आहे.

उमरगा हे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे व कर्नाटकाच्या सीमेजवळचे गाव. येथील सोयरिकी आळंद-बसवकल्याणाकडे जुळतात, सोलापुरास जुळतात, आणि मुले कामधंद्यास गेल्यामुळे पुण्यामुंबईसही जुळतात. वर जर जुन्या ॲंग्लिकन पॅरिशचा सभासद असेल, तर विवाह तेथील मंदिरात व्हावयाचा. मुंबईचे १७१८ साली उघडलेले सेंट थॉमस मंदिर किंवा पुण्याचे पंचहौद मंदिर ही त्याच परंपरेतील होत. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. तीत ॲंग्लिकन मंडळीही सामील झाल्यामुळे अशा मंदिरांचा कारभार आता त्या मंडळीकडे आहे. तरी विवाहाच्या रीतीवर १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाची छाप आहेच. ती रीत खेड्यातील आईबापांस अनोळखी वाटते. म्हणून तिचे एकेक अंग समजून घेऊ.

१. विवाह कोणी लावावा?

ख्रिस्ती लोकांचे विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे होतात. बिशपांकडून दीक्षा मिळालेला पाळक आपल्या मंडळीच्या विधीप्रमाणे विवाह लावू शकतो. अन्य पाळकांस त्यासाठी सरकारी परवाना लागतो. ज्यास हा अधिकार नाही त्याने जाणूनबुजून ख्रिस्ती विवाह लावला, तर त्यास दहा वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे. आणि कायद्याबाहेर लावलेला विवाह रद्दबातल ठरतो. उपदेशक बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पाळक दूर राहतात, मुहूर्त जवळ आला आहे, मांडवात पाहुणे बसले आहेत, आणि लोक म्हणतात, "गुरुजी, तुम्हीच प्रार्थना करून लग्न लावून द्या." अशा वेळी नकार देणे कठीण असते, पण नकारच दिला पाहिजे. आपल्या भिडेची किंमत पुढे ती मुलगी देईल. हिंदी ख्रिस्ती जोडप्यांचे विवाह प्रमाणित करण्याचा परवाना सरकार योग्य ख्रिस्ती मनुष्यास देऊ शकते. तो हाती नसेल, तर उपदेशकाने वधूवरांस शिकवावे, त्यांच्यासाठी प्रार्थना करावी व पाळकांस वेळेवर बोलावून आणावे.

२. तीन रविवारांची घोषणा

विवाहापूर्वी तीन रविवारी उपासनेच्या वेळी वधूवरांची नावे मंडळीत वाचली जातात, आणि कोणास न्याय्य हरकत ठाऊक असल्यास ती सांगावी असे विचारले जाते. ही चाल फार जुनी आहे. १२१५ च्या लॅटरन येथील चौथ्या धर्मपरिषदेने ती पाश्चात्य मंडळीत सर्वत्र लागू केली. वर एका पॅरिशचा व वधू दुसरीची असेल, तर घोषणा दोन्हीकडे व्हावी, आणि एका पाळकाचा दाखला आल्यावाचून दुसऱ्याने विवाह लावू नये, असे प्रार्थनापुस्तक सांगते.

पुष्कळांस यात अपमान वाटतो. "आमच्या मुलीचे नाव तीनदा का पुकारावे?" असे ते विचारतात. परंतु विचार करा. परगावचा मुलगा, चार दिवसांची ओळख. त्याची पहिली बायको हयात असेल, तर तुम्हांस कोण सांगणार? त्याच्या गावची मंडळी सांगेल, पण तिला कोणी विचारले तर! आपल्याकडील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. ती परतल्यावर घाईने लग्न उरकण्यापेक्षा विवाहाचा दिवस ठरताच पाळकांस कळवावे, म्हणजे तीन रविवार सहज मिळतात.

३. वय व नाते

वराचे वय २१ व वधूचे १८ पूर्ण असले पाहिजे. बालविवाह लावणाऱ्यास २००६ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाप्तिस्म्याचा दाखला व शाळा सोडल्याचा दाखला हे दोन्ही आधी पाहावेत. बाप्तिस्म्याच्या वेळी एक नाव व शाळेत दुसरे, असे आपल्याकडे नेहमी होते. हा फरक लग्नाच्या सकाळी नव्हे, दोन महिने आधी उघडकीस यावा. विधुर किंवा विधवा असेल तर मृत्यूचा दाखला, आणि काडीमोड झाली असेल तर न्यायालयाचा हुकूम पाहिजे. पंचांपुढे झालेली सोडचिठ्ठी येथे चालत नाही.

नात्याविषयीही सावध असावे. सीमेकडील मुलखात मामाने बहिणीची मुलगी करण्याची चाल आहे. ॲंग्लिकन मंडळीत १५६३ साली आर्चबिशप पार्कर यांनी केलेल्या निषिद्ध नात्यांच्या कोष्टकात बहिणीची मुलगी येते. मामाची मुलगी त्यात नाही. सुपारी फुटण्यापूर्वी हे नाते पाळकांस सांगावे, म्हणजे पुढे दोन्ही घरांची मानहानी टळेल.

४. वेळ

कायद्याने विवाह सकाळी सहा ते सायंकाळी सात या वेळातच व्हावयाचा. ॲंग्लिकन पाळकास बिशपांचा खास परवाना असल्यास, व अन्य थोड्या बाबतींत, कायद्याने सवलत ठेवली होती. सामान्य नियम मात्र हाच. गोरज मुहूर्ताचा हट्ट धरणाऱ्या वऱ्हाडाने याचा विचार करावा. उन्हाळ्यात सूर्य मावळता सात वाजत येतात. वाजंत्री वेशीवर थांबली की वेळ टळलीच. दिवस उजेडाचा का सांगितला? ज्यास पाहावयाचे त्याने पाहावे म्हणून. पाळकाखेरीज निदान दोन विश्वसनीय साक्षीदारही हजर पाहिजेत.

५. वधूचे उत्तर

प्रार्थनापुस्तकातील क्रम पाहण्याजोगा आहे. प्रथम वरास विचारतात, मग वधूस विचारतात. ती स्वतः उत्तर देते. त्यानंतरच, हिला कोण देतो, हा प्रश्न येतो व बाप पुढे होतो. म्हणजे मुलीचा होकार आधी, बापाचे देणे मागून. जिचा होकार मंदिरात मागितला जाणार, तिला तो घरी कोणी विचारला आहे काय? पाळकांनी व उपदेशकाच्या पत्नीने विवाहापूर्वी मुलीशी एकटीशी बोलावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. आईबापांसमोर ती मान हलवील. मान हलविणे म्हणजे उत्तर नव्हे.

हळद, मंगळसूत्र, करवल्या या आपल्या चालींस आमचा विरोध नाही. अंगठीबरोबर मंगळसूत्र बांधणे अनेक मराठी मंडळ्यांत रूढ आहे. परंतु १९६१ च्या कायद्याने हुंडा देणे व घेणे दोन्ही गुन्हे आहेत. आणि जेवणावळीसाठी मुकादमाची उचल घेऊन पुढला सारा हंगाम ती फेडीत बसणे हे नव्या संसारावर पहिल्याच दिवशी जू ठेवणे होय. काना येथे द्राक्षारस संपला तरी लग्न मोडले नाही.

६. नोंदवही

विधी आटोपताच पुष्कळ लोक जेवणाकडे वळतात. त्यापूर्वी वधूवरांनी, साक्षीदारांनी व पाळकांनी नोंदवहीत सह्या करावयाच्या असतात. नोंदीची प्रत सरकारी निबंधकाकडे जाते. सर्व धर्मांच्या लोकांनी विवाहाची नोंद केलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००६ साली सांगितले आहे.

या नोंदीचे मोल आपल्या भागास वेगळे सांगावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील गावेच्या गावे पडली व हजारो माणसे दगावली. घर पडले की पेटीतील कागद ढिगाऱ्याखाली जातो, आणि साक्षीदारही जातात. मागे राहिलेल्या विधवेस मदत, जमीन, निवृत्तिवेतन मागावयास जावे लागते, तेथे पहिला प्रश्न हाच, की तू त्याची पत्नी कशावरून? ज्या विवाहाची नोंद घराबाहेर दोन ठिकाणी आहे, त्या पत्नीस उत्तर देता येते. यास्तव विवाहाचा दाखला त्याच आठवड्यात मागून घ्यावा, नावे व तारखा वाचून पाहाव्यात, आणि एक प्रत मुलीच्या माहेरी ठेवावी.

उपदेशकांनी मंडळीत विचारावयाचे प्रश्न

१. बवाजाने वेशीत साक्षीदार का बसविले? त्यामुळे रूथेस कोणता लाभ झाला?
२. आपल्या मंडळीतील कोणत्या जोडप्यांच्या विवाहाची नोंद नाही? त्यांची यादी करून पाळकांस केव्हा द्याल?
३. येत्या उन्हाळ्यात ज्यांची लग्ने व्हावयाची आहेत, त्यांचे दाखले व नाती कोणी तपासली?
४. ज्या मुलीचे लग्न ठरले आहे, तिला कोणी विचारले?

शेवटच्या प्रश्नास उत्तर मिळाल्यावाचून पाठ संपवू नये.