तुरीवर भुंगा आला, पंप जरा थांबवा

तूर फुलावर आली की ऊन चढताच बांधावर घरघर सुरू होते. काळाकुळकुळीत, पंखांवर निळी-जांभळी झाक असलेला भुंगा फुलावर बसला की डहाळी लवते. त्याला कीड समजून पंप भरू नका. फुलं कुरतडतो तो काळ्या-तांबड्या पट्ट्यांचा भुंगेरा वेगळा. हा सुतार भुंगा, म्हणजे झायलोकोपा. त्यातली फेनेस्ट्राटा ही जात तुरीवर येते. मध आणि पराग सोडून पिकातलं तो काही खात नाही.

तुरीच्या फुलातले केसर होडीसारख्या पाकळीत मिटलेले असतात. जड कीटक बसला की ती पाकळी दबते आणि पराग त्याच्या पोटाला लागतो. तूर बरीचशी स्वतःच्याच परागावर धरते, हे खरं. पण संकरित बियाण्याच्या प्लॉटमध्ये नरवंध्य झाडांना कीटकांशिवाय पराग आणून देणारं दुसरं कोण आहे? घरचं बियाणं राखणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं. शेजारी वेगळं वाण असेल, तर त्याचाही पराग येतो; म्हणून कडेची झाडं सोडून शेताच्या मधल्या झाडांचं बी धरा.

मधमाशीच्या पोळ्यातल्या शंभर माशा मेल्या तरी राणी भर काढते. भुंग्याला ना पोळं, ना राणी. मादी एकटीच वाळक्या लाकडात किंवा बांबूत बोगदा कोरते, परागाचा गोळा ठेवून त्यावर एकच अंडं घालते आणि भुशाची भिंत घालून पुढचा कप्पा सुरू करते. एका घरट्यात कप्पे थोडेच. ती फवाऱ्यात सापडली, तर पुढचे कप्पे रिकामेच राहतात. म्हणून मला तिची काळजी जास्त वाटते.

घाटे अळी आवरायला कळी अवस्थेत 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा. सलग 2-3 दिवस प्रत्येक सापळ्यात घाटे अळीचे 8-10 पतंग आले, तरच रासायनिक औषधाचा विचार करा. शिफारशीचंच औषध घ्या आणि फवारणी सूर्यास्तानंतर करा. सकाळी दहाला पंप काढणं म्हणजे भरल्या ताटावर विष टाकणं.

गोठ्याच्या वाशाला भोक दिसलं की काही जण रॉकेल ओततात. कृपा करून ओतू नका. भुंगा लाकूड खात नाही, फक्त घरापुरतं कोरतो. नराला नांगी नसते आणि मादीही धरल्याशिवाय सहसा डसत नाही. वासे जपायचे असतील तर त्यांना रंग द्या, आणि तिच्यासाठी बोटभर पोकळीचे वाळके बांबू, एका टोकाला पेर राखून, पावसाच्या आड आडवे बांधा. पांगाऱ्याची वाळकी फांदी धोक्याची नसेल तर तोडू नका.

तूर निघाल्यावर भुंग्याला चारा हवा. बांधावर शेवरी, गिरीपुष्प असू द्या. तागाचं बी धरायचं असेल तर त्याच्या फुलांनाही अशाच दणकट पाहुण्याची गरज असते.