गळालेल्या ओळी

मागील वर्षी वर्गाचे गुणपत्रक संगणकावर तयार करीत असता एका विद्यार्थिनीच्या इतिहासाच्या रकान्यात आम्ही अंकाऐवजी ‘गैरहजर’ असे लिहिले. ती तापाने अंथरुणास खिळली होती. संगणकाने कसलीही तक्रार न करता तो शब्द वगळून बेरीज केली आणि मुलगी अनुत्तीर्ण ठरली! तिच्या वडिलांनी येऊन विचारले, तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले. यंत्र चुकले असे म्हणवत नाही. ते गप्प राहिले, हेच आम्हांस खटकले.

याच जातीचा, परंतु फार गंभीर प्रकार २०२० साली इंग्लंडात घडला. कोरोनाच्या चाचण्यांचे निकाल तेथील सरकारी आरोग्यसंस्थेत एक्सेलच्या जुन्या नमुन्याच्या तक्त्यात भरले जात. त्या तक्त्यात ६५,५३६ ओळी मावतात, एकही अधिक नाही. (हा आकडा म्हणजे दोनाचा सोळावा घात, विद्यार्थ्यांनी गुणून पाहावा.) एकेका निकालास अनेक ओळी लागत. तक्ता भरला आणि पुढील ओळी निमूटपणे गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधित अशा रीतीने रोजच्या आकड्यांतून सुटले. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्या माणसांचा शोध मात्र लांबला. साथीच्या दिवसांत अशा विलंबाचा अर्थ काय, हे सांगावयास नको.

आपल्याकडील दुकानदार रात्री रोजमेळ जुळल्यावाचून दिवा मालवीत नसे. संगणकाच्या कामातही आलेल्या ओळी आणि घेतलेल्या ओळी यांचा असाच ताळा घ्यावा लागतो. न बसणारी ओळ टाकून न देता बाजूस ठेवावी आणि नोंदवहीत तारीख, वेळ, ओळीचा क्रमांक, काय अपेक्षित होते व काय आढळले, हे लिहावे. एका ओळीसाठी सारे काम अडवू नये. मूळ तक्ताच उघडत नसेल, तर मात्र तत्काळ थांबावे. रुग्णाचे नाव नोंदवहीत लिहू नये, ते चारजणांच्या दृष्टीस पडते. काही कार्यक्रम-लेखक चूक पकडतात आणि तिच्यावर हरताळ फासून पुढे जातात. हे तर न पकडण्याहूनही वाईट.

यंदा आमच्या गुणपत्रकाखाली संगणकाने लिहिले: आलेल्या ओळी ४२, घेतलेल्या ४१, बाजूस ठेवलेली १. ओळ २७, इतिहास. अंक अपेक्षित, शब्द आढळला. आम्ही त्या मुलाच्या घरी चौकशीस गेलो.