दिवा विझला, पॅड झिजतच राहिले

ब्रेक झिजले हे गाडीला कसं कळतं? पुस्तकात हा भाग दोन ओळींत संपतो. मला तो नीट समजला उन्हाळी ट्रेनिंगमध्ये, पुण्याच्या एका गॅरेजात.

तिथे एक जुनी पोर्शे बॉक्स्टर आली होती. ही पहिल्या पिढीची गाडी १९९६ ते २००४ या काळात बनली. उमरीच्या पोराला हात लावायचीच भीती! तक्रार एवढीच की ब्रेक मारला की खरखर होते. चाक काढलं तर पॅडचा मसाला संपून मागची पोलादी पट्टी डिस्कला घासत होती. डिस्कवर खोल चरे पडले होते. मग डॅशबोर्डवरचा दिवा का लागला नाही? शोधल्यावर सापडलं: सेन्सरच्या दोन्ही तारा कुणीतरी पिळून जोडल्या होत्या आणि वर टेप गुंडाळला होता.

या गाडीत पॅडला तारेचा एक वेढा बसवलेला असतो. त्यातून सर्किट पूर्ण असतं तोवर दिवा बंद. पॅड झिजून २-३ मि.मी. उरला की डिस्क ती तार कापते, सर्किट तुटतं आणि दिवा लागतो. गंमत अशी की तार दुसरीकडे कुठेही तुटली तरी दिवा लागतोच. म्हणजे बिघाड झाला तरी चूक सुरक्षित बाजूला होते.

हेच तत्त्व रेल्वेत आहे. उमरी स्टेशनवर लहानपणापासून सिग्नल बघितले, पण विचार केला नव्हता. १८७२ साली विल्यम रॉबिन्सन यांनी पेटंट घेतलेल्या ट्रॅक सर्किटमध्ये रुळांतून प्रवाह चालूच असतो. गाडी आली की तो चाकांतून वळतो, रिले पडतो, सिग्नल लाल होतो. तार तुटली तरी लालच!

काही गाड्यांत मात्र एकच तार असते. ती डिस्कला टेकली की सर्किट पूर्ण होऊन दिवा लागतो. इथे तार तुटली तर दिवा कधीच लागणार नाही. म्हणून आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे हे आधी बघावं.

दिवा लागल्यावर काय करावं?

१. आधी पॅड मोजा. सेन्सरवर संशय नंतर.
२. पॅड जाड असेल तर प्लग उघडून गंज बघा. मल्टिमीटर लावा: वेढा चांगला असेल तर रोध जवळजवळ शून्य, तुटला असेल तर अनंत.
३. तार कापली गेली असेल तर पॅडबरोबर सेन्सरही नवा टाका. जुन्या गाडीत उष्णतेने प्लॅस्टिक कडक होतं, काढताना तुटतं.
४. दोन्ही टोकं जोडणं फक्त तपासणीपुरतं. तसंच ठेवलं तर पुढचा पॅड संपल्याचं कुणीच सांगणार नाही.

त्या मालकाला पॅडसोबत डिस्कचाही खर्च पडला. घाटात असती तर?

सुट्टीत घरी आलो आणि काकांच्या मोटारसायकलचे पॅड बघितले. झीज दाखवणारी खाच जवळजवळ पुसली होती. काका म्हणाले, "आवाज येईना, मग कशाला बदलायलास?" मी त्यांना बॉक्स्टरची गोष्ट सांगितली. संध्याकाळी आम्ही पॅड आणायला गेलो.

हॉस्टेलच्या मित्रांनो, आपल्या दुचाकीला दिवा नाही. तिथे सेन्सर म्हणजे आपले डोळे. शनिवारी गावी निघण्याआधी एकदा वाकून बघा!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी