जुनी सुपरचार्ज्ड कोब्रा घ्यावी का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. 2003 ची फोर्ड मस्टँग एसव्हीटी कोब्रा बघितली आहे. मालकाने सुपरचार्जरची पुली बदलली आहे. घ्यावी का?

उत्तर : गाडी दणकट आहे. लोखंडी ब्लॉक, फोर्ज्ड पिस्टन, ईटनचा सुपरचार्जर. कंपनीतून निघतानाच 390 हॉर्सपॉवर. पण पुली लहान केली की सुपरचार्जर जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त जाते. तेवढं पेट्रोल पोचलं नाही, तर मिश्रण पातळ होऊन नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टन फुटतो. म्हणून ट्यूनिंग कोणी केलं, याच पुलीसाठी केलं का, डायनोचा कागद आहे का, हे आधी विचारा. इंजिन पूर्ण तापल्यावर ड्रायव्हरच्या बाजूच्या हेडकडे कान द्या. टिकटिक आली तर सौदा थांबवा. सुरुवातीच्या गाड्यांच्या हेडमध्ये हा दोष निघालेला आहे. लीक-डाउन टेस्टही करून घ्याच.

घेतल्यावर लगेच ताकद वाढवू नका. आधी इंटरकूलरचा पंप, बेल्ट, इंधनपंप, ब्रेक, टायर. मग डायनोवर, वाइडबँड मीटर लावून ट्यूनिंग. पूर्ण बूस्टला हवा-इंधन प्रमाण साडेअकराच्या आसपास हवं.

मालक कागद दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर दुसरी गाडी बघा.