रजोनिवृत्ती आणि टेस्टोस्टेरॉन : चाचणी केव्हा, उपचार कोणाला?

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर कुटुंबाच्या चरितार्थाचा मोठा भार स्त्रियाच वाहतात. करंजा, थळ, कोर्लई, मुरूड, श्रीवर्धन या बंदरांवर होड्या लागल्या की मासळी निवडणे, सुकविणे आणि बाजारात नेऊन विकणे ही कामे मुख्यत्वे कोळी स्त्रियांकडे असतात. भातशेतीत व वाड्यांमध्येही स्त्रियांचे श्रम मोठे आहेत. या कष्टकरी स्त्रियांच्या आयुष्यात चाळिशीनंतर येणारा एक महत्त्वाचा टप्पा म्हणजे रजोनिवृत्ती. ग्रामीण आरोग्यसेवेचा भर दीर्घकाळ प्रसूती, कुटुंबनियोजन आणि बालकांचे लसीकरण यांवर राहिल्याने हा टप्पा काहीसा दुर्लक्षितच राहिला.

अलीकडे या संदर्भात ‘टेस्टोस्टेरॉन’ हे नाव स्त्रियांच्याही कानावर पडू लागले आहे. थकवा, निरुत्साह, वैवाहिक जीवनातील अनिच्छा या साऱ्यांवर हा एकच उपाय असल्याचे सांगितले जाते आणि त्यासाठी रक्ताची चाचणी सुचविली जाते. या सांगण्यात सत्य किती, हे गावातील जाणत्या कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

स्त्रीच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन

टेस्टोस्टेरॉन हे केवळ पुरुषांचे संप्रेरक आहे, हा समज बरोबर नाही. स्त्रीची अंडाशये आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी यांतूनही ते तयार होते. इतकेच नव्हे, तर स्त्रीत्वाचे संप्रेरक म्हणून ओळखले जाणारे इस्ट्रोजेन शरीरात याच वर्गातील द्रव्यांपासून बनते. पुरुषांच्या तुलनेत स्त्रीच्या रक्तातील त्याचे प्रमाण मात्र फारच अल्प असते.

सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६ ते ४७ वर्षे, तर पाश्चात्त्य देशांत सुमारे ५१ वर्षे आहे. या काळात इस्ट्रोजेन झपाट्याने घटते. अंगातून गरम वाफा येणे, रात्री घाम फुटणे, झोप मोडणे, योनिमार्गाचा कोरडेपणा हे त्रास त्यातून उद्भवतात. टेस्टोस्टेरॉनचे तसे नाही. ते तारुण्यापासूनच हळूहळू कमी होत जाते; पाळी गेली म्हणून ते एकाएकी नाहीसे होत नाही.

याला एक अपवाद आहे. शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशये काढल्यास टेस्टोस्टेरॉनची पातळी एकदम निम्म्यापर्यंत खाली येते. बोलीभाषेत ‘पिशवी काढली’ एवढेच सांगितले जाते. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली की ठेवली, हे पुष्कळ स्त्रियांना ठाऊक नसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये पुढे आला, तेव्हा शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळून आले. म्हणून शस्त्रक्रियेचे कागदपत्र जपून ठेवणे प्रत्येक स्त्रीच्या हिताचे आहे. पुढील उपचाराचा निर्णय बऱ्याच अंशी त्यावर अवलंबून असतो.

चाचणीचा आकडा आणि त्याची मर्यादा

रक्तातील साखर मोजून मधुमेहाचे निदान करता येते. टेस्टोस्टेरॉन मोजून स्त्रीच्या अनिच्छेचे निदान करता येत नाही. अनेक देशांतील वैद्यक संस्थांनी २०१९ मध्ये एकत्रितपणे प्रसिद्ध केलेल्या निवेदनात हे स्पष्ट करण्यात आले आहे. अमुक पातळीच्या खाली गेल्यास दोष आहे, अशी कोणतीही सीमारेषा सिद्ध झालेली नाही. कमी पातळी असूनही एखादी स्त्री समाधानी असते, तर पुरेशी पातळी असूनही दुसरीला त्रास होतो.

शिवाय नेहमीच्या प्रयोगशाळांतील बऱ्याच पद्धती पुरुषांच्या मोठ्या प्रमाणासाठी सोयीच्या आहेत. स्त्रियांमधील अल्प प्रमाण मोजताना त्यांत चूक होण्याचा संभव अधिक. अचूक मापनासाठी लागणारी प्रगत यंत्रणा मोजक्याच ठिकाणी उपलब्ध असते. तेव्हा केवळ आकडा जाणून घेण्यासाठी दिवसाची कमाई बुडवून आणि पदरचे पैसे खर्चून शहर गाठण्यात अर्थ नाही.

चाचणीचा खरा उपयोग दोन प्रसंगी होतो. उपचार करण्याचे ठरल्यावर पातळी आधीच जास्त नाही ना, हे पाहण्यासाठी व नंतर औषधाचे प्रमाण मर्यादेत ठेवण्यासाठी ती करतात. दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. आवाज अचानक घोगरा होणे, चेहऱ्यावर व अंगावर झपाट्याने दाट केस येणे, डोक्यावरचे केस पुरुषांप्रमाणे विरळ होणे, अशी लक्षणे थोड्याच महिन्यांत दिसू लागल्यास अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ असू शकते. अशा वेळी तपासणीस विलंब करू नये. हनुवटीवर तुरळक केस येणे मात्र या वयात सामान्य आहे.

उपचार कोणासाठी?

रजोनिवृत्तीनंतर कामेच्छा लक्षणीयरीत्या कमी झाली असून त्याचा स्वतः त्या स्त्रीलाच मनस्ताप होत आहे आणि इतर कारणे तपासून दूर केली आहेत, अशा स्थितीतच टेस्टोस्टेरॉनचा उपयोग पुराव्यानिशी सिद्ध झाला आहे. पतीची तक्रार हा उपचाराचा आधार होऊ शकत नाही. निव्वळ थकवा, उदासीनता, विस्मरण किंवा हाडांची झीज यांसाठी ते देण्याइतका पुरावा नाही.

इतर कारणे शोधणे हे म्हणूनच पहिले काम होय. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसून आले. त्याखेरीज थायरॉइडचे विकार, मधुमेह, नैराश्य, काही औषधांचे परिणाम, घरातील मारहाण व अपमान हीदेखील कारणे असतात. योनिमार्गाच्या कोरडेपणामुळे संबंध वेदनादायक होत असतील, तर त्यावर स्थानिक इस्ट्रोजेनसारखा सोपा उपाय आहे.

उपचार ठरलाच, तर त्वचेवर लावावयाचे औषध अल्प प्रमाणात देतात. तीन ते सहा आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. सहा महिन्यांत गुण न आल्यास औषध थांबवितात. बहुतेक देशांत स्त्रियांसाठी मान्यताप्राप्त असे स्वतंत्र औषध नाही. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये अशा एका मलमास मान्यता मिळाली. त्यामुळे अन्यत्र पुरुषांचे औषध अत्यंत कमी मात्रेत वापरावे लागते आणि ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावे लागते. पुरुषांसाठीची इंजेक्शने स्त्रियांनी घेणे धोक्याचे आहे. अतिमात्रेने पुरळ व केस वाढतात. घोगरा झालेला आवाज औषध थांबविल्यानंतरही पूर्ववत होईलच असे नाही.

किनाऱ्यावरून रुग्णालयापर्यंत

म्हसळा वा श्रीवर्धन तालुक्यातील स्त्रीला किनाऱ्याच्या मार्गाने अलिबागला जावयाचे, तर दिघी ते आगरदांडा ही खाडी फेरीबोटीने आणि पुढे रेवदंड्याची खाडी साळावच्या पुलावरून ओलांडावी लागते. एवढा प्रवास वाया जाऊ नये यासाठी क्रम ठरवून घ्यावा. प्रथम आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेविकेशी बोलावे. हिमोग्लोबिन, साखर व रक्तदाब यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातच करून घ्यावी. त्यानंतर गरज वाटल्यास जिल्हा सामान्य रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क करण्यात आले. त्यापुढील तपासणीसाठी मुंबईला जाणे भाग पडल्यास मार्च २०२० मध्ये सुरू झालेली मांडवा ते भाऊचा धक्का ही रो-रो सेवा सोयीची ठरते. जाताना पूर्वीच्या शस्त्रक्रियेचे कागद, चालू औषधांची यादी आणि शेवटच्या पाळीची तारीख सोबत असावी. पाळी जाऊन वर्ष लोटल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र या क्रमाची वाट न पाहता तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

पंचायतीचा व शिक्षकांचा वाटा

संकोच हा या प्रश्नातील सर्वांत मोठा अडसर आहे. महिला ग्रामसभेत व बचत गटांच्या बैठकीत चाळिशीपुढील आरोग्य हा विषय आरोग्यसेविकेकडून मांडून घेता येईल. केंद्रावर आठवड्यातून ठरावीक वेळी स्त्री कर्मचाऱ्यासमोर आडोशाने बोलता येईल एवढी व्यवस्था झाली, तरी पुष्कळ साध्य होईल. बंदरावरचा लिलाव आणि बाजाराची वेळ टाळून ही वेळ ठरवावी. शिक्षिकांना माता-पालक मेळाव्यांतून अचूक माहिती देता येईल.

रक्ताचा एखादा आकडा मिळाला की निदान झाले, असे या बाबतीत होत नाही. स्त्रीला होणारा त्रास तिच्याच शब्दांत ऐकून घेणे ही तपासणीची पहिली पायरी आहे, आणि ती गावातल्या उपकेंद्रातही आजच घेता येण्याजोगी आहे.